खोबरेल आणि बत्तीस बोअर

हवालदार शिवराम मोहिते, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. आधी हे नाव लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. अंकवाल्यांनी कळवलं, तुमचं काम आगळं आहे, त्यातले दोनचार प्रसंग लिहून पाठवा. काम आगळं आहे हे खरं. पण सातवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या हाती ते लागलं आणि हातात टिकलं, ह्यात माझं कर्तृत्व थोडं आणि मोहितेकाकांचं जास्त. वाक्यं माझी आहेत. ऱ्हस्वदीर्घ बायकोने पाहिलंय, ती बारावी झालेली आहे.

मी रिव्हॉल्वरची काडतुसं भरतो.

दचकू नका. रास अल खैमाच्या बाहेर, जिथे सिमेंटच्या कारखान्यांची धूळ संपून डोंगर सुरू होतो तिथे, नेमबाजीचा एक क्लब आहे. पोलिसांचा परवाना, दारूगोळ्याच्या कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली मॅनेजरकडे आणि एक आमच्याकडे. तिथली माणसं कागदावरच्या काळ्या गोलावर गोळ्या मारतात, बाकी कशावर नाही. आमच्या रूमवर पहिल्यांदा सांगितलं की मी दिवसभर दारू मोजतो, तेव्हा चिपळूणचा एक जण म्हणाला, “आणि पगारपण देतात? माझं नाव सांग की तिथे!”

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी घोड्याचा मार खाणारी टिकली, आत चिमूटभर दारू आणि वर तोंडात बसवलेली गोळी. बार झाला की गोळी जाते, दारू जळते, टिकली मरते. पुंगळी मात्र शिल्लक राहते. ती धुवायची, मापात आणायची, नवी टिकली बसवायची, दारू तोलून ओतायची, नवी गोळी दाबायची. झालं काडतूस. ऐकायला पापड लाटण्यासारखं सोपं. फरक एवढाच, की पापड जाड झाला तर कोणाचा हात जात नाही.

दारू जास्त पडली तर रिव्हॉल्वर फुटतं, हे कोणालाही कळेल. दारू पडलीच नाही, किंवा पडूनही नीट पेटली नाही, तर काय होतं ते बाहेरच्याला ठाऊक नसतं. नुसत्या टिकलीच्या जोराने गोळी पुंगळीतून निघते आणि नळीच्या मध्येच अडकून बसते. मारणाऱ्याला वाटतं बार फुसका गेला. तो दुसरा बार ओढतो. पुढे रस्ता बंद, मागून दुसरी गोळी. मग नळी फाटते. म्हणून भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी, प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं. मी स्वभावाने घाबरट. कुलूप लावून चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढून बघणाऱ्यातला. घरी ह्या स्वभावाची थट्टा व्हायची. मोहितेकाका म्हणाले, “दत्ता, ह्या कामाला असलाच मानूस लागतो. धीट गडी नको हितं.” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भीतीला कोणी नोकरी दिली.

त्यांची माझी गाठ पडली ती शिशामुळे. मी तेव्हा अबुधाबीजवळ मुसफ्फाला, एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर होतो. क्लबने निशाण्याच्या लोखंडी चौकटी आमच्याकडून करून घेतल्या, त्या बसवायला आम्हाला गाडीतून इकडे आणलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सावलीत आडवे झाले आणि मी वाळूतून चेपलेलं शिसं वेचून डब्यात टाकत बसलो. मागून आवाज आला, मराठीत.

“काय रं, खायाचंय का ते?”

खाकी पँट, पांढरी बारीक मिशी, पाठ अशी ताठ की भिंतीला टेकायची गरज नाही. फौजेत हत्यारं दुरुस्त करणारे आर्मरर होते, निवृत्त होऊन इथे त्याच कामाला आलेले. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, “नाही काका. आमच्याकडे पागाला खाली शिशाचे मणी लावतात. मासेमारीचा तो, फेकायचा. मणी आम्ही घरीच ओततो. हे फुकट पडलेलं बघून राहवलं नाही.”

“ओतता? सगळे एका मापाचे?”

“एका मापाचे नसले तर जाळं वाकडं उघडतं.”

त्यांनी माझं नाव विचारलं, आणि “जेव आता” म्हणून निघून गेले. पुढे आमची कंपनी बुडाली, सगळ्यांना घरी पाठवायची यादी लागली, आणि मी बॅग बांधत असताना कॅम्पच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. “व्हिसा बदलून घेतो म्हणतोय मॅनेजर. कच्चा हाय. टिकवायचं तुझ्या हातात.”

कच्चा म्हणजे काय ते मॅनेजर एलियास साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. लेबनॉनचा माणूस, सूट घालायचा, घाम मात्र आमच्याइतकाच यायचा. क्लबचे एक ज्येष्ठ सभासद होते, अबू राशिद. त्यांच्याकडे बत्तीस बोअरचं एक जुनं रिव्हॉल्वर होतं आणि स्पर्धेत ते त्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नसत. त्या बोअरची तयार काडतुसं महिनोन्‌महिने यायची नाहीत, आली तरी त्या रिव्हॉल्वरात नीट चालत नसत. हिवाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडच्या क्लबांची स्पर्धा असे. एलियास साहेब म्हणाले, “इन द मॅच, यू मेक फॉर अबू राशिद. वर्क, यू स्टे. नो वर्क, रूम खलास, यू खलास.” बोट आधी काडतुसं भरायच्या खोलीकडे, मग माझ्याकडे.

परत जाऊन करणार काय होतो? घरी पाग होता, आणि खाडीत आता पागाला लागेल एवढा मासा नव्हता. धाकटा भाऊ माझ्या भरवशावर आयटीआयला बसला होता. त्या दिवसापासून मी स्पर्धेपर्यंतचे दिवस मोजू लागलो.

शिसं कुठून आणायचं, तर टायरवाल्यांकडून. चाकाचं बॅलन्सिंग करताना रिमला जी शिशाची छोटी वजनं ठोकतात, ती जुनी झाली की बादलीत पडून असतात. ते शिसं किंचित कडक असतं, गोळीला चांगलं. इंडस्ट्रियल एरियातला मलबारी टायरवाला विचारायचा, “इतना क्या करता है भाई? मछली पकड़ता है?” मी म्हणायचो, “हां, बड़ा मछली है.” खोटं नव्हतं.

ओतकाम शेडमध्ये, पंख्याखाली. चहा तिथे न्यायचा नाही, हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हे काकांचे कायदे. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते फटाक्यासारखं उडतं. गावाला पाऊस असला की आम्ही शिसं ओतत नसू. इथे पाऊस कुठला, पण ऑगस्टात माणूसच गळत असतो. मी वाकलो की कपाळावरचा घाम भांड्याच्या रोखाने निघायचा. काकांनी माझ्या कपाळाला टॉवेलची पट्टी बांधली, लग्नातल्या मुंडावळ्यांसारखी, आणि म्हणाले, “हलू नको नवरदेव.”

पहिल्या गोळ्या कागदावर आडव्या लागल्या. म्हणजे भोक गोल नाही, लांबट. गोळी हवेत कोलांट्या खात गेलेली. कारण अबू राशिदांच्या रिव्हॉल्वरची नळी वापरून वापरून किंचित सैल झाली होती. तयार काडतूस म्हणजे रेडिमेड शर्ट, सगळ्यांच्या अंगाला एकच. ओतीव गोळीचा फायदा हा, की ती शिंप्यासारखी मापाने करता येते. आम्ही केसाएवढी जाड ठेवली. भोकं गोल झाली.

गोळीच्या कमरेला बारीक खाचा असतात, त्यांत मेण भरतात. मेण नसलं तर शिसं नळीला आतून फासत जातं आणि चार बारांनंतर नेम भरकटतो. आमच्याकडे मधाच्या पोळ्याचं मेण होतं, डोंगरातल्या मध विकणाऱ्यांकडून आणलेलं. पण क्लबच्या एसीत ते असं कडक व्हायचं की खाचेतून खपली पडायची. मऊ करायला हवं. मला उपाय पाठ होता. माझी आई पायांच्या भेगांना मलम करायची, मेणात खोबरेल घालून. आमच्याकडे घरोघरी करतात. मी रूमवरची खोबरेलाची निळी बाटली आणली, थोडं थोडं घालून कढवलं. लोण्यासारखं झालं, खाचेत अगदी बोटाने बसलं. काकांनी चिमटीत घेऊन वास घेतला, हसले, म्हणाले, “झकास. गोळीला भेगा पडनार न्हाईत.”

आणि काय चाललं ते! आतल्या हॉलमध्ये, एसीत, वाळूच्या पिशवीवर मनगट टेकून काकांनी मारलं. कागदावर सगळी भोकं एकमेकांना चिकटून. अबू राशिदांनी कागद उजेडाला धरला. उंच, सडपातळ म्हातारे, पांढराशुभ्र पायघोळ कंदूरा, हिंदी मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेली. इथे हिंदुस्थानी माणसालाही ‘हिंदी’च म्हणतात. म्हणाले, “हिंदी, ये तुम बनाया? माशाल्ला.” एक डबा खिशात घालून घेऊन गेले. एलियास साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घरी फोन लावून सांगितलं, टिकलो.

जरा मधली गिऱ्हाईकं सांगतो, त्यांच्यावाचून ह्या कामाला चव नाही. एक इंग्रज इंजिनियर होता. रिकाम्या पुंगळ्या भांड्यांच्या साबणाने घासून, बायकोच्या केकच्या ट्रेमध्ये वाळवून परत आणायचा. बायकोने एकदा क्लबला फोन करून ट्रे मागितला. दुसरा होता सिरियाचा सोनार. आमचा काटा त्याला पटत नसे, म्हणून स्वतःचा सोन्याचा काटा घेऊन यायचा आणि माझ्या गोळ्या एक एक करून तोलायचा, वधूचे दागिने घ्यावेत तशा. सगळ्या सारख्या भरल्या की हिरमुसायचा. “क्या भाई, एक तो गलत बनाओ, मेरा टाइम पास होगा.”

तर अबू राशिद चार दिवसांनी परत आले. त्यांच्या बकऱ्यांच्या वाडीवरून थेट, लँड क्रूझर धुळीने माखलेली. काडतुसांचा डबा डॅशबोर्डवरून उचलून आणला. मी ठोकळ्यात पुंगळ्या लावत होतो, काचेतून दिसत होतं. पहिला बार ठीक. दुसरा जरा पडेल. तिसऱ्याला आवाज आला तो बंद दारावर बोटाने टुक केल्यासारखा. अबू राशिदांनी भुवई उंचावली आणि सवयीने घोडा पुन्हा मागे ओढला.

“हॉल्ट!”

एवढा मोठा आवाज काकांच्या अंगात आहे हे मला माहीत नव्हतं. नुसते ओरडले नाहीत. दोन ढांगांत जाऊन त्यांनी अबू राशिदांचं मनगट धरलं, नळी खाली दाबली आणि घोडा पडू नये म्हणून त्याच्या पुढच्या फटीत अंगठा घातला. इथल्या मोठ्या माणसाचा हात असा कोणी धरत नाही, कामगाराने तर नाहीच. काकांनी हळूच रिव्हॉल्वर सोडवून घेतलं, रिकामं केलं, नळीत पितळी सळई घातली. ती अर्ध्यात थांबली. गोळी नळीतच होती.

अबू राशिदांनी सळई बघितली, मग स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला, जणू सगळी बोटं आहेत ना ते मोजत होते. मग माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, “हिंदी, तुम्हारा गोली रास्ते में सो गया.”

ऑफिसात एलियास साहेबांनी दार लावलं. “खलास,” ते म्हणाले. “ही गो होम. धिस वीक.” मी भिंतीला लागून उभा होतो.

काका म्हणाले, “सर, मेण मीपन पास केलं. टेस्ट मी मारली. एकट्याला का?”

“यू आल्सो वाँट टू गो?”

“धाडायचं तर दोघांना धाडा. न्हाईतर स्पर्धेपर्यंत वेळ द्या. काय झालं ते शोधून दावतो.” हे ते अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत बोलले, पण मला असंच ऐकू आलं.

एलियास साहेब हिशेबी होते, दुष्ट नव्हते. त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. काकांच्या रजेचा अर्ज होता, मंजूर झालेला. काकांचा मुलगा फौजेत भरती झाला होता आणि पलटणीच्या सेंटरला त्याची कसम परेड होती. रंगरूट शपथ घेऊन जवान होतो ती परेड. आईबापाला पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसवतात. काका गेले वर्षभर त्या दिवसाच्या गोष्टी सांगत होते. एलियास साहेब म्हणाले, “यू टेक रिस्पॉन्सिबिलिटी, यू स्टे हिअर. नो लीव्ह. मॅच फेल, बोथ गो.”

काकांनी कागद उचलला, घडी घातली आणि खिशात टाकला. “ओके सर.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, पोराची परेड आहे. असं नका करू. मी जातो घरी.”

“परेडीला पोरगा हाय तितं. मी नसलो म्हनून परेड थांबत न्हाई. तू गेलास तर ही खोली थांबतीया. चल, काडतुसं फोडू.”

उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या आम्ही उपटून काढल्या. त्यासाठी हातोडीसारखं एक हत्यार असतं. दारू कशी असावी, तर कोरड्या रव्यासारखी, पुंगळी वाकडी केली की भुरभुर पडणारी. ही पडेना. टोचून काढली तर गोळा झालेली, सांज्याला तूप जास्त झालं की होतो तसा. काकांनी नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग तोंडाला हात लावून हसू लागले, त्या अवस्थेत!

“दत्त्या, हुंग. माझ्या आईच्या डोक्याचा वास येतोय ह्याला.”

खोबरेल. एसीत थिजलेलं, म्हणून हॉलमध्ये सगळं झकास. गाडीच्या डॅशबोर्डवर, त्या उन्हात, ते पाणी झालं आणि खाचेतून झिरपून दारूत उतरलं. थंडीत खोबरेल थिजतं आणि उन्हात पातळ होतं हे कोकणातल्या पोराला कोणी शिकवावं लागतं? बाटली उन्हात ठेवूनच तर आम्ही लहानपणापासून डोक्याला तेल लावलं. पण इथे सगळं आयुष्य एसीच्या दोन दारांमध्ये चालतं. मी बाहेर ऊन आहे हेच विसरलो होतो.

मग आमची खरी शाळा सुरू झाली. काकांनी नियम केला: जे काही बनवू ते आधी छपरावर. शेडच्या पत्र्यावर, खजुराच्या रिकाम्या डब्यात काडतुसं घालून, दुपारभर. दुसऱ्या दिवशी उतरवून फोडायची, दारू भुरभुरते का बघायचं, मग बार करायचे. इंग्रज इंजिनियर वर बघून विचारायचा, “मोहिटे, ड्रायिंग फिश?” नुसतं मेण उन्हात घाम सोडायचं. त्यात मेणबत्ती घातली, ती खपली व्हायची. ग्रीस घातलं, त्यापेक्षा खोबरेल बरं म्हणायची पाळी आली. प्रत्येक वेळी पत्रा माझ्या नावाने तापतोय असं वाटायचं.

परेडीची तारीख मला पाठ होती. त्या दिवशीही काका नेहमीच्या वेळेला आले. बूट असे चकाकत होते की त्यात शेडचा पंखा दिसत होता. दिवसभर ते शिशाच्या भट्टीजवळ फिरकले नाहीत. शिशाजवळ पाण्याचा थेंब नको म्हणून असावं. मी एकट्याने ओतलं.

उत्तर मिळालं ते शुक्रवारी, गॅरेजच्या रांगेत. रूममेटच्या साहेबाची गाडी पॉलिश करायची होती, मी सोबत गेलो होतो. भर दुपार, बॉनेटवर अंडं टाकलं तर शिजेल असं. आणि पठाण पोरगा पॉलिश चोळत होता, ते वाळून पांढरं होऊन बसत होतं. ओघळत नव्हतं. मी तसाच बघत राहिलो.

“खान, ये पिघलता नहीं?”

“पिघलेगा तो चमकेगा कैसे?” त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. “इसमें मोम है. पेड़ का. पत्थर जैसा.”

कुठल्याशा परदेशी ताडाच्या पानांवरचं मेण असतं ते, पिवळ्या पापुद्र्यांचं, नखाने ओरखडा उठणार नाही असं. पठाणाच्या मालकाने शारजातलं दुकान सांगितलं. मी पिशवी घेऊन आलो तेव्हा काका म्हणाले, “आता गाडीची पालिश बंदुकीला? आन, बघू.” नुसतं ते घातलं तर काचेसारखं तडकतं. पोळ्याच्या मेणात थोडं थोडं मिसळत गेलो. किती, ते लिहीत नाही. तो क्लबचा ऐवज आहे आणि खरं सांगायचं तर वजनापेक्षा माझ्या अंगठ्याला ते जास्त ठाऊक आहे. शेवटी एका दुपारनंतर डबा उतरवला, गोळी उपटली, पुंगळी उलटी केली. दारू कागदावर भुरभुरली. रव्यासारखी, कोरडी. काकांनी ती फुंकर न मारता नुसती बघितली.

स्पर्धा दुसऱ्या एका अमिरातीत, उघड्या मैदानावर. सावलीला फक्त मारणाऱ्यांच्या डोक्यावर पत्रा. काडतुसांचा डबा मी मांडीवर घेऊन बसलो होतो, एसीच्या झोताखाली, लहान मूल धरावं तसा. उतरताच अबू राशिदांनी हात पुढे केला. मी डबा दिला. त्यांनी तो उघडला, बघितला, आणि त्यांच्या काळ्या लँड क्रूझरच्या बॉनेटवर नेऊन ठेवला. उन्हात. झाकण उघडं.

मी काकांकडे बघितलं. काकांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

“तुम बोला, सूरज में चलेगा,” अबू राशिद म्हणाले. “सूरज ये है.”

एलियास साहेब रुमालाने मान पुसत होते, तो रुमाल पिळता आला असता. बाकीचे स्पर्धक मारून झाले, डबा तिथेच. म्हातारे सावलीत बसून कॉफी पीत होते. नाव पुकारलं तेव्हा उठले, डबा उचलला. तापला होता, कंदूराच्या टोकाने धरला. उभे राहिले. हात लांब केला.

मी कागदाकडे बघितलं नाही. मी कान लावून होतो. काकांनी शिकवलं होतं, काडतुसाची परीक्षा आधी कानाला कळते. पहिला बार. ठण. दुसरा. ठण. तिसरा. मागच्या वेळी इथेच गोळी अडकली होती. ठण! प्रत्येक आवाज आधीच्याच्या मापाचा, एकाच साच्यातून ओतल्यासारखा. शेवटचा झाल्यावर काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “आवाज समद्यांचा एक. आता कागद बघितला न्हाई तरी चालंल.”

बघितला तरी. काळ्या गोलाच्या मध्यावर कागद पंचिंग मशीनने टोचावा तसा कापला गेला होता. भोकं मोजायला पंचाला भिंग लागलं, कारण ती एकमेकांत शिरली होती. अबू राशिद सगळ्यांच्या वर होते, आणि त्यांच्याहून अर्ध्या वयाची पोरं नवीकोरी परदेशी काडतुसं घेऊन खाली.

यजमान क्लबचा मॅनेजर लगबगीने आला. “शेख, कौन सी कंपनी का गोली है?”

अबू राशिद डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाले, “कंपनी? कंपनी दत्ता.” मग मला दंडाला धरून पुढे ओढलं. “ये है. मैनेजिंग डायरेक्टर.” आणि काकांकडे बोट करून, “और ये इसका मालिक. इसने मेरा हाथ बचाया.” सगळे हसले, एलियास साहेब सगळ्यात मोठ्याने, आणि त्या हसण्यातच म्हणाले, “दत्ता, टुमॉरो ब्रिंग पासपोर्ट. विझा पक्का.”

परत येताना पेट्रोल पंपावर काकांनी कार्ड घातलं आणि गावी फोन लावला. मुलगा तोवर पोस्टिंगला गेला होता, बायकोशी बोलले. “जिंकलो,” एवढंच म्हणाले. कोण जिंकलं, कशात, तिने विचारलं असावं, त्यांनी सांगितलं, “आपला दत्ता.” मी गाडीत बसलो होतो. तोंड फिरवून डोंगरांकडे बघत राहिलो.

त्यानंतर कुठल्या कुठल्या क्लबची माणसं आमच्या खोलीत आली. सोनाराला चूक काही सापडली नाही. माझा भाऊ आयटीआय झाला, आज जहाज दुरुस्तीच्या यार्डात फोरमन आहे. मी लग्न केलं, इथेच घर केलं. मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. आजही प्रत्येक नवा माल आधी पत्र्यावर जातो, आणि खोबरेल मी फक्त डोक्याला लावतो.

काका नव्या शतकाच्या सुरुवातीला कायमचे गावी गेले. विमानतळावर मी तो परेडीचा विषय काढला. म्हणाले, “लेका, मुलाचा फोटू हाय की घरात, वर्दीतला. आता रोज बघीन.” फोटो बघणं आणि तिथे बसणं ह्यातला फरक मला सांगायची गरज नव्हती, त्यांनाही नव्हती. पक्क्या व्हिशाचा शिक्का माझ्या पासपोर्टात पडला. त्याची दुसरी बाजू ही.

आता त्यांचा नातू पहाटे भरतीसाठी धावायला जातो. शुक्रवारी फोनवर काका त्याच्या धावण्याच्या वेळा सांगतात, आवाज पूर्वीइतका ताठ नाही. पोरगं घेतलं जाईल, मला खात्री आहे. ज्या दिवशी त्याच्या कसम परेडीची तारीख निघेल, त्या दिवशी मी इथून निघेन, कोरेगावला जाईन, काकांचे बूट मी स्वतः चमकवीन आणि त्यांना सेंटरवर नेऊन पाहुण्यांच्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत बसवीन. आजवर एवढ्या वर्षांत मी भीतीपोटी कधी जादा रजा मागितली नाही. ही मागणार नाही. ही घेणार.